डॉक्टरांच्या हॉलमधला समुद्र

पहिली खबर आणली पोळ्यावाल्या मावशींनी. कणीक मळता मळता म्हणाल्या, "वहिनी, समोरच्या टॉवरमधल्या दातांच्या डॉक्टरांकडे हॉलमध्ये समुद्र बांधतायत."

मी म्हटलं, फिशटँक असेल.

"फिशटँक नाही हो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. माप घेताना मी तिथेच होते. सोफा हलला, टीव्ही बेडरूममध्ये गेला, आणि डॉक्टरीणबाई परवापासून डॉक्टरांशी बोलत नाहीयेत."

एवढा ऐवज हाती आल्यावर मी तशीच गॅलरीत आले. काकू कठड्याला टेकून उभ्याच होत्या. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये तुळशीची एक कुंडी आहे, तेवढंच काय ते कुंपण. गिरगावात एकेक वाडी टॉवर होत चालली आहे. आमची अजून बिल्डरची वाट बघणाऱ्यांतली. त्यामुळे समोरच्या टॉवरात काय चाललंय याच्यावर आमचं बारीक लक्ष असतं.

"समुद्र?" काकू म्हणाल्या. "चौपाटी काय लांब गेली का?"

"साधे मासे नाहीत काकू. प्रवाळ ठेवणार म्हणे. खडक, प्रवाळ, त्यात फिरणारे रंगीत मासे. आख्खा समुद्राचा तळच."

"पोवळं? माझ्या अंगठीतल्यासारखं?"

"ते लांबच्या भूमध्य समुद्रातलं. हे आपल्याकडच्या समुद्रातलं, जिवंत असतं."

खालून मालवणी आजींनी मान वर केली. त्या तळमजल्यावर राहतात, पण ऐकू त्यांना तिसऱ्या मजल्यावरचंही येतं. "मासो खावचो, बघीत कित्याक बसाचा?" एवढं बोलून त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

रविवारी काकूंचे जावई जेवायला आले. ते इमारतींच्या मजबुतीची गणितं करतात, म्हणजे असा विषय त्यांच्यापुढे टाकणं हे आमचं कर्तव्यच होतं. त्यांनी हात धुवायच्या आत हिशोब मांडला. सहा गुणिले दोन गुणिले दोन, चोवीस घनफूट, म्हणजे जवळपास ६८० लिटर पाणी. दगड टाकल्यावर त्यातलं थोडं कमी होणार, पण खालच्या कपाटात आणखी दोनशे लिटरची दुसरी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. खारं पाणी गोड्याहून जरा जड. पंधरा मिलिमीटरच्या काचाच दीडशे किलोच्या. वर दगड, लोखंडी स्टँड. सगळं मिळून बाराशे किलोच्या घरात.

"आणि घराच्या जमिनीचा हिशोब करताना आम्ही चौरस मीटरला दोनशे किलो धरतो," जावई म्हणाले. "ही टाकी बसणार जेमतेम एका चौरस मीटरवर."

काकूंना ते पटलं नाही. "गेल्या श्रावणात माझ्या या खोलीत पंधरा-वीस बायका झिम्मा खेळल्या. काय झालं जमिनीला?"

"आई, त्या बायका रात्री आपापल्या घरी गेल्या. टाकी जाणार नाही. तेच वजन त्याच जागी वर्षानुवर्षं राहिलं की काँक्रीटसुद्धा हळूहळू वाकतं."

"आणि इथे आमच्याकडे ठेवली असती तर?"

जावयांनी वरच्या लाकडी वाशांकडे एकदा बघितलं. "इथे ठेवली असती तर ती खालच्या आजींकडे राहायला गेली असती."

डॉक्टर काही अगदीच बेसावध नव्हते. त्यांनी टॉवरचे नकाशे मागवले, बीम कुठून जाते ते बघितलं आणि खिडकीखालची हौसेची जागा सोडून टाकी कॉलमला लागून, भिंतीशी समांतर, थेट बीमच्या डोक्यावर आणली. इंजिनियरचं पत्र घेतलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीही माशांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तास गेला तो गळती झाली तर खालच्या मजल्याचं पीओपी कोण करून देणार यावर. डॉक्टरांनी लिहून दिलं, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. माझ्या मते एवढ्या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणपणाचा कागद तोच होता.

काचा लिफ्टमध्ये मावल्या नाहीत. चार माणसांनी त्या जिन्याने अकराव्या मजल्यापर्यंत नेल्या, प्रत्येक वळणावर एकमेकांना शिव्या घालत. टाकी जागेवरच जोडली, सिलिकॉन लावून. आणि मग दोन दिवस आख्ख्या जिन्यात व्हिनेगरचा वास. सिलिकॉन सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, त्याचा तो वास. पण हे कळेपर्यंत चौथ्या मजल्यावरून तक्रार गेली होती की वर कोणीतरी घरात चायनीजचा धंदा चालू केलाय. वॉचमन दोनदा वर जाऊन वास घेऊन आला.

जोड पक्के झाले आणि मग पाण्याची परीक्षा आली. ती बघायला मी स्वतः गेले होते. निमित्त दाढेचं, पण डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. टाकीत नळाचंच पाणी भरलेलं. वरच्या टाकीतलं पाणी एका कडेवरून सांडून पाइपाने खालच्या सम्पमध्ये पडत होतं आणि तिथून पंप ते परत वर फेकत होता. घाण काढणारा स्किमर, पाणी थंड करणारा चिलर, हीटर, सगळी यंत्रं त्या खालच्या कपाटात. वर नुसता देखावा राहावा म्हणून ही योजना.

"आता वीज गेली असं समजा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्विच बंद केला.

पाइपात गुळगुळ झालं. वरचं पाणी आपलं खाली येतच राहिलं, सम्पमधली पातळी चढायला लागली. डॉक्टरीणबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर आवळून उभ्या. न बोलण्याचा त्यांचा तो आठवडाच चालू होता, पण बघत होत्या. सम्पच्या काचेवर वरच्या काठाखाली निळी पट्टी चिकटवलेली होती. पाणी तिच्या दिशेने सरकलं, सरकलं, आणि पट्टीच्या चार बोटं खाली थांबलं. वरून सुर्र असा आवाज आला. वर पाणी सोडणाऱ्या नळीला, पृष्ठभागाच्या जरासं खाली, एक बारीक भोक पाडून ठेवलेलं होतं. पाणी उतरून ते भोक उघडं पडलं की नळीत हवा शिरते आणि पाण्याची ओढ तुटते. ते भोक नसतं तर नळीचं तोंड जिथवर बुडलेलं आहे तिथवरचं पाणी सगळं उलटं ओढलं जाऊन सम्पमधून हॉलभर झालं असतं.

"एवढ्याशा भोकावर सगळं?" मी विचारलं.

"हो. आणि दर महिन्याला ते टाचणीने साफ करायचं. शेवाळ धरतं."

मी घरी येऊन हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दातांचाच डॉक्टर. भोकं पाडायची आणि साफ करायची, दुसरं येतं काय त्यांना!"

पाण्याचा प्रश्न मात्र आमच्या जिव्हाळ्याचा. आमच्याकडे पालिकेचं पाणी ठरल्या वेळेला येतं आणि ठरल्या वेळेच्या आधी जातं. टॉवरात चोवीस तास. डॉक्टरांनी नळाचं पाणी आरओमधून काढायला घेतलं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि क्षार प्रवाळाला चालत नाहीत. एक बादली चांगलं पाणी मिळायला दोन-तीन बादल्या वाया जातात, हे मावशींनी बघितलं आणि चाळभर झालं. त्यावर वाडीत फार कडू बोललं गेलं. मग डॉक्टरांनी ते वाया जाणारं पाणी पिंपात साठवून वॉचमनला गाड्या धुवायला द्यायला सुरुवात केली, तेव्हा टीका जरा कमी झाली. बंद नाही.

"पण काय गं, मीठच हवंय ना? मग भाईंदरचं खडे मीठ आणायचं गोणीभर," काकू म्हणाल्या.

हाच प्रश्न मीही डॉक्टरांना विचारला होता. मिठागरात पाणी आटायला लागलं की चुनखडी आणि जिप्सम आधीच तळाला बसतं, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात राहून जातं. आपल्या हाती येतं ते सोडियमचं मीठ, स्वयंपाकापुरतं. प्रवाळाला आपला सांगाडा बांधायला कॅल्शियम हवं, मॅग्नेशियम हवं, म्हणून त्याच्यासाठी समुद्रातल्या सगळ्या क्षारांचं मोजून केलेलं मिश्रण मिळतं. लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एवढ्या पाण्याला तीस किलोच्या वर. आणि किमतीच्या बाबतीत डॉक्टरांनी आवाज खाली घेतला, कारण स्वयंपाकघराचं दार उघडं होतं.

"मग सरळ चौपाटीवरून कळशा भरून आणा! फुकट."

"काकू, तुम्ही त्या पाण्यात पाय तरी घालता का?"

त्या गप्प बसल्या. गणपतीत विसर्जनाला उतरणाऱ्यांना पाकट आणि जेलीफिशपासून जपा म्हणून दरवर्षी सांगतात, ते सोडा. पण आपल्या किनाऱ्याला गाळ आणि सांडपाणी किती, आणि पावसाळ्यात नद्यानाल्यांचं गोडं पाणी मिसळून खारेपणा उतरतो तो वेगळाच. बंद काचेत तेवढा फरकही जिवावर बेततो.

यावरून काकूंना तारापोरवाला मत्स्यालय आठवलं. आठवणारच. गिरगावातल्या पोरांची पहिली सहल तीच. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, पारशी दात्याच्या पैशाला सरकारचा पैसा जोडून बांधलेलं. "शाळेतून रांगेने चालत नेलं होतं," काकू म्हणाल्या. "आत अंधार, आणि भिंतीत उजेडाच्या खिडक्या. एक मोठं कासव होतं. मी त्याच्यापुढून हलेना म्हणून बाईंनी कान धरला." तिथे पाणी थेट समोरच्या समुद्रातून खेचून घ्यायचे. २०१५ मध्ये दुरुस्त करून काचेचा बोगदा वगैरे केला, आमच्या नातवंडांनी तो बघितला. पुढे करोनात दारं लागली ती लागलीच. चर्नी रोडला उतरलं की अजून मान तिकडे वळते. सरकारचं मत्स्यालय बंद आणि डॉक्टरांचं अकराव्या मजल्यावर चालू, याचा काकूंना मनापासून राग आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

पुढे टाकीत पाणी, मीठ, सुके दगड, निळा दिवा, सगळं होतं आणि मासा एकही नव्हता. आठवड्यांमागून आठवडे गेले. रात्री आमच्या गॅलरीतून अकराव्या मजल्यावरचा तो निळा उजेड दिसायचा. वाडीत बातमी पसरली की डॉक्टरांचे पैसे संपले. खरं कारण मावशींनी आणलं, आणि तेही नाक मुरडत: "टाकीत एक सोललेली कोळंबी टाकून ठेवलीय. सडायला!"

"सुंगटा कुजवतत?" खालून आजींचा आवाज आला. "ह्येंका खूळ लागला काय?"

काकूंचा नातू बारावी सायन्सला आहे, त्याने समजावलं. कोळंबी कुजली की अमोनिया होतो. तो विषारी. मग दगडांवर एक प्रकारचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बरंचसं सोसतं. ही दोन्ही खाती नीट सुरू व्हायला महिना-दीड महिना लागतो. त्याच्या आत मासे सोडणारा त्यांचा जीव घेतो. डॉक्टर रोज संध्याकाळी परीक्षानळीत थेंब टाकून रंग बघत आणि वहीत लिहीत. एवढा धीर त्यांच्या पेशंटांनी दाखवला तर बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे बोलायला लागल्या होत्या.

याच सुमाराला चुन्याची निवळी निघाली. प्रवाळ वाढताना पाण्यातलं कॅल्शियम खातं, ते भरून काढायला थेंब थेंब निवळी सोडायची. जर्मन माणसाने शोधलेली पद्धत, म्हणून डॉक्टर तिचं जर्मन नाव घ्यायचे. काकूंनी मावशींकडून कृती ऐकली: चुना पाण्यात ढवळायचा, झाकून ठेवायचा, खाली बसला की वरचं नितळ पाणी घ्यायचं. "अगं बाई, ही तर आम्ही तान्ह्या पोरांना द्यायचो! एवढ्यासाठी जर्मनी कशाला?"

आणि मग सगळं घोडं अडलं ते प्रवाळापाशीच. कोणा दुकानदाराने डॉक्टरांना सांगितलं होतं, सगळं मिळतं, रात्री घरपोच करतो. "रात्री" हा शब्द ऐकून काकूंच्या नातवाने कान टवकारले. तो ओहोटीच्या वेळी मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाच्या मंडळींबरोबर किनाऱ्यावर फिरायला जातो, त्याला यातलं कळतं. तो थेट अकराव्या मजल्यावर गेला. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, ही सगळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या पंक्तीला. घरात सापडलं तर कमीत कमी तीन वर्षं आत.

"अरे, पण दुकानदार म्हणाला..."

"दुकानदार येणार नाही डॉक्टरकाका तुमच्याबरोबर."

त्याने आणखी एक सांगितलं, त्यावर डॉक्टर खाली बसले. कोस्टल रोडच्या कामात वरळीच्या आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या अठरा छोट्या वसाहती सापडल्या होत्या. त्या हलवायला खुद्द पालिकेला वन्यजीव खात्याची परवानगी काढावी लागली, आणि २०२० च्या नोव्हेंबरात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी त्या हलवल्या. म्हणजे प्रवाळ इथेच आहे, आपल्या घाणेरड्या म्हणवणाऱ्या पाण्यात, पेडर रोडच्या बंगल्यांच्या पायथ्याशी, कोणी चिलर न लावता.

"आमच्या मालवणात होडयेतसून दिसता," आजी मध्येच म्हणाल्या. ते खरंच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला आहे, १९८७ पासून ते अभयारण्य आहे. आणि विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरवर भर समुद्रात आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, ती तर आपल्याकडची मोठी प्रवाळभूमी.

डॉक्टर दोन दिवस गप्प होते. मला वाटलं टाकी विकतील. विकली नाही. प्रवाळ रद्द केलं, दगड तेवढे ठेवले. त्यांच्यावर आता जांभळट शेवाळाची खपली धरायला लागली आहे आणि ती खरोखर सुंदर दिसते. मासे मात्र हट्टाने पैदास केलेलेच घ्यायचे ठरवले. क्लाउनफिशची पैदास टाकीत होते. केंद्र सरकारच्या समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने केरळात विळिंजमला आणि तमिळनाडूत मंडपमला तिचं तंत्र बसवलं आहे. समुद्रातून ओरबाडून आणायची गरज नाही. चुन्याचा डबा उरला तो काकूंकडे आला, कोहळ्याच्या पेठ्यासाठी.

चिलर प्रवाळाशिवायही लागतोच, पाणी २६ अंशांच्या आसपास ठेवायला. मे महिन्यात हॉल तेहतीसवर. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकतो, म्हणून मग एसी. टाकीचं म्हणून महिन्याला तीनशे युनिट सहज जातात. बेस्टचं बिल आलं त्या दिवशी अबोला पुन्हा सुरू झाला, असं मावशी म्हणाल्या. पण लक्षद्वीपला २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं, हे नातवाने सांगितलं तेव्हा मला वाटलं, बरं झालं डॉक्टरांनी ती जबाबदारी डोक्यावर घेतली नाही. एक कॉम्प्रेसर बंद पडला असता तर रात्रीत सगळं गेलं असतं.

आता मे महिन्यात डॉक्टर मंडळी गावी जाताहेत आणि किल्ली काकूंकडे आली आहे. खाण्याच्या रोजच्या पुड्या वेगवेगळ्या बांधून ठेवल्यात, कारण काकू कोणालाही अर्धपोटी ठेवत नाहीत हे वाडीला माहीत आहे. पातळी उतरली तर भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या नाही. हे काकूंना लगेच कळलं. आमटी आटली की खारट होते, मीठ थोडंच उडतं?

काल मी त्यांच्याबरोबर वर गेले होते. पाच क्लाउनफिश. त्यांतला एक मोठा, बाकीच्यांना रेटणारा. "ती बाई," काकू म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं होतं: या माशांत सगळ्यात मोठी ती मादी, तिच्याखालोखालचा तो नवरा, बाकी सगळे हाताखालचे. मादी मेली तर नवराच हळूहळू मादी होतो आणि हाताखालच्यांतला पुढचा त्याचा नवरा होतो.

मावशी पाणी भरायला आल्या होत्या, त्या बादली खाली ठेवून ऐकत होत्या. "म्हणजे घरातली सत्ता बाईकडेच. माणूस कोणी का असेना."

"डॉक्टरीणबाईंना हे माहितीये?" मी विचारलं.

मावशींनी दाराकडे एकदा बघून घेतलं, घरात कोणी नव्हतं तरी. "माहितीये म्हणजे काय! त्या मोठीला त्या सासूबाईंच्या नावाने हाक मारतात. डॉक्टरांना पत्ता नाही. तुम्ही कुठे बोलू नका हं."